गाळाची साक्ष आणि न आलेलं जहाज

२००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचा लार्सन-बी हा आइस शेल्फ फुटला. हिमनद्या जमीन सोडून समुद्रावर सरकल्या की पाण्यावर तरंगणारा बर्फाचा जो जाड थर तयार होतो, तो आइस शेल्फ. फुटलेला भाग सुमारे ३२५० चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे गोव्याहून थोडाच लहान, आणि जाडी २०० मीटरच्या वर. एवढा बर्फ पाच-सहा आठवड्यांत चुरा होऊन वाहून गेला. उपग्रहांनी ते सगळं टिपलं, फोटो जगभर छापून आले, आणि तेव्हापासून त्या फोटोंवरून वाद चालू आहे. एका बाजूचं म्हणणं, हे माणसाने केलेल्या तापमानवाढीचं फळ. दुसरी बाजू म्हणते, बर्फ पूर्वीही वितळायचा, पुढेही वितळेल, हवामान तर कायमच बदलत आलंय. हा दुसरा मजकूर आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरावीक काळाने फिरत असतो, बहुतेक वेळा कुणा निवृत्त इंजिनिअर काकांच्या सहीने.

फोटोंनी हा वाद सुटणार नाही. उपग्रहांची नजर अंटार्क्टिकावर नियमितपणे पडू लागली त्याला जेमतेम पन्नास वर्षं झाली, आणि प्रश्न आहे हजारो वर्षांचा: असं पूर्वी कधी झालं होतं का? याचं उत्तर साठून राहिलं आहे ते त्या बर्फाच्या खालच्या आणि पुढच्या समुद्रतळावर, गाळात. हा गाळ काढणं, जपणं आणि वाचणं हे आपल्यासारख्या किनारी देशाने स्वतः करायचं काम आहे, दुसऱ्याच्या जहाजावर एखादी बंक मागून घेऊन उरकायचं नाही, असं माझं मत आहे. आणि गेली दहा-बारा वर्षं आपण नेमकं ते टाळत आलो आहोत.

लार्सन-बीचं उत्तर आधी सांगतो. शेल्फ फुटल्यावर तिथे पहिल्यांदाच उघडं पाणी झालं आणि जहाजांना जाता आलं. यूजीन डोमॅक यांच्या गटाने तिथल्या तळातून गाळाचे उभे नमुने, म्हणजे कोअर, काढले आणि २००५ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष मांडला: शेवटचं हिमयुग सरल्यापासूनच्या दहा हजारांहून जास्त वर्षांत हा शेल्फ असा कधीही फुटलेला नाही. तो हजारो वर्षं हळूहळू पातळ होत आला होता, हेही त्यांनी सांगितलं. अलीकडच्या उबेने त्याला शेवटचा धक्का दिला. काकांचा मेसेज इथे खोटा ठरतो.

पण थोडं उत्तरेला प्रिन्स गुस्ताव खाडीतला आइस शेल्फ होता. तो १९९५ मध्ये गेला. कॅरल पडसी आणि जेफ्री एव्हान्स यांनी तिथला गाळ तपासला तेव्हा वेगळंच दिसलं: साधारण ५००० ते २००० वर्षांपूर्वी तिथे शेल्फ नव्हताच. तो त्या काळात मोडला, मग पुन्हा जमला, आणि आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा गेला. म्हणजे इथे काकांचा मेसेज अर्धा खरा आहे. शेजारी-शेजारी असलेल्या दोन शेल्फांचा इतिहास असा वेगवेगळा निघतो, आणि तो वेगळेपणा कुठल्याही घोषणेत बसत नाही. मला या शास्त्राचं आकर्षण आहे ते यासाठीच.

प्रिन्स गुस्तावचा शोध कसा लागला ते पाहण्यासारखं आहे. हिमनदी सरकताना खालचा खडक भरडत जाते आणि त्याचा भुगा, खडे, धोंडे पोटात घेऊन समुद्रात येते. शेल्फ शाबूत असताना त्याच्याखाली पडणारे खडे फक्त त्या शेल्फला मिळणाऱ्या जवळच्या हिमनद्यांचे असतात. दूरचे हिमनग तिथे शिरूच शकत नाहीत. शेल्फ मोडून खाडी उघडी झाली की बाहेरून हिमनग तरंगत येतात आणि वितळता वितळता लांबच्या डोंगरांचे खडे तळावर टाकतात. तेव्हा कोअर घ्यायचा, थराथरातले खडे वेगळे करायचे आणि प्रत्येक खडा कोणत्या खडकाचा ते ओळखायचं. एका विशिष्ट थरात अचानक परमुलखातले खडे दिसू लागले, की त्या काळी दार उघडं होतं. संगणकाचं मॉडेल नाही, उपग्रह नाही. सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी.

अंटार्क्टिकाच्या सागरमंचावरचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कमी खोल समुद्रतळावरचा, एखादा तीनेक मीटरचा कोअर लांबीत उभा चिरला की त्यात बर्फाचं माघारीचं सगळं वेळापत्रक खालून वर लागलेलं असतं. सर्वांत खाली राखाडी, घट्ट, निवड न झालेला गाळ: चिकणमाती, वाळू, खडे सगळं एकत्र कालवलेलं. वाहत्या पाण्याने आणलेला गाळ आकारानुसार वेगळा होतो. बर्फ मात्र पिठापासून धोंड्यापर्यंत सगळं एकदम टाकून देतो. याला टिल म्हणतात, आणि तो सापडला की बर्फ इथे तळाला टेकून बसला होता हे नक्की. त्याच्या वर बारीक पापुद्र्यांची माती, अधूनमधून एखादा खडा. म्हणजे बर्फ तळापासून उचलला गेला, तरंगू लागला. सर्वांत वर शेवाळी हिरवट, हलका गाळ. तो बहुतांशी डायटम या सूक्ष्म वनस्पतींच्या सिलिकाच्या कवचांचा असतो. डायटमना ऊन लागतं, म्हणून हिरवा थर म्हणजे डोक्यावरचा बर्फ गेला आणि पाण्यावर सूर्यप्रकाश पडू लागला. चिरलेल्या कोअरचा एक अर्धा भाग हात न लावता जपून ठेवतात, दुसऱ्यातून चमच्या-चमच्याने नमुने काढतात. ते ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतले की माती वाहून जाते, वाळूचे कण उरतात. मग ते बारीक ब्रशने एकेक बाजूला सारत मोजायचे. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, खोल समुद्रात असा जाडसर कण सापडला तर तो वाऱ्याने किंवा प्रवाहाने आलेला नसून बहुधा हिमनगाने आणलेला असतो.

हार्टमुट हाइनरिख यांना १९८८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या कोअरमध्ये अशाच खड्यांचे जाड पट्टे एकामागून एक दिसले. पुढे त्या पट्ट्यांतल्या चुनखडीचा माग लावला तर तो कॅनडातल्या हडसन सामुद्रधुनीच्या दिशेला गेला. उत्तर अमेरिका झाकून टाकणारी लॉरेंटाइड हिमचादर शेवटच्या हिमयुगात दर काही हजार वर्षांनी समुद्रात हिमनगांचे तांडे सोडत होती, हे त्या पट्ट्यांवरून कळलं. तोवर मोठी हिमचादर म्हणजे हजारो वर्षं हळूहळू वाढणारी आणि तितक्याच हळूहळू आटणारी सुस्त वस्तू, असा बऱ्याच जणांचा समज होता. तो त्यानंतर टिकला नाही.

वेगाचा हा मुद्दा आज सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याला धास्ती बर्फ वितळण्याची तितकी नाही, जितकी तो किती भराभर माघार घेऊ शकतो याची आहे. नॉर्वेच्या सागरमंचावर, शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस तिथली हिमचादर मागे हटताना तळावर गाळाचे हजारो समांतर उंचवटे राहिले. भरती-ओहोटीबरोबर बर्फाची कड वर-खाली होते, खाली टेकताना गाळ दाबते, आणि दोन टेकण्यांच्या मधलं अंतर म्हणजे तेवढ्या वेळातली माघार. २०२३ मध्ये क्रिस्टीन बॅचेलर आणि सहकाऱ्यांनी ते मोजले तेव्हा आकडा निघाला दिवसाला ५५ ते ६१० मीटर. दिवसाला! उपग्रहांनी आजवर कुठेही एवढा वेग पाहिलेला नाही. हा वेग वर्षानुवर्षं टिकणारा नव्हता, तळ सपाट होता तिथे काही दिवस-महिन्यांपुरता होता. तरी बर्फाला एवढं धावता येतं, हे आता नाकारता येत नाही.

पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीसमोरही असेच उंचवटे सापडले आहेत. २०१९ मध्ये 'रान' नावाच्या स्वीडनच्या मानवरहित पाणबुडीने सुमारे ७०० मीटर खोलीवर त्यांचा नकाशा काढला. (ती पाणबुडी पुढे २०२४ मध्ये दुसऱ्या एका आइस शेल्फखाली गेली ती परत आलीच नाही. अशा कामाचा हाही खर्च असतो.) गेल्या दोनशे वर्षांत केव्हातरी थ्वेट्स काही महिने वर्षाला २.१ किलोमीटरहून जास्त वेगाने मागे हटली होती, असा त्या नकाशाचा अर्थ लागला. उपग्रहांनी २०११ ते २०१९ मध्ये मोजलेल्या वेगाच्या तो दुप्पट आहे. थ्वेट्स पूर्ण गेली तर जगभर समुद्र सरासरी ६५ सेंटिमीटरच्या आसपास चढेल. तिच्या मागे पश्चिम अंटार्क्टिकाचा बराच बर्फ समुद्रसपाटीखालच्या जमिनीवर बसलेला आहे. तो सगळा सुटला तर गोष्ट मीटरांत मोजावी लागेल.

आता यातलाच एक अवघड भाग. थ्वेट्ससमोरच्या आणि शेजारच्या पाइन आयलंड हिमनदीखालच्या गाळात शिसं-२१० हे समस्थानिक मोजून गेल्या शंभर-दीडशे वर्षांचे थर वर्षांशी जुळवता येतात. त्यावरून दोन्ही हिमनद्यांची आजची माघार १९४० च्या दशकात सुरू झाली असं दिसतं. त्याच सुमारास प्रशांत महासागरात मोठा एल निनो होऊन गेला होता, आणि त्याने दक्षिणेला उबदार पाणी ढकललं असावं. म्हणजे पहिला धक्का बहुधा नैसर्गिक होता. 'बघा, माणसाचा दोष नाही' म्हणायला ही सोयीची जागा. पण एल निनो ओसरला, पुढे अनेक येऊन गेले, आणि हिमनद्या काही सावरल्या नाहीत. एकदा तळाच्या उंचवट्यावरून त्यांची पकड सुटली ती सुटलीच. काकांना मी एवढंच विचारीन, की नैसर्गिक धक्क्याने कोलमडलेली गोष्ट जास्त धोक्याची की कमी? मुद्दाम धक्के देत राहणाऱ्यांनी तर या प्रश्नाने जास्तच घाबरायला हवं. तापमानवाढीच्या चळवळीतले काही जण १९४० चं नाव निघालं की अस्वस्थ होतात आणि विषय बदलतात. तेही मला पटत नाही. गाळ जे सांगतो ते पूर्ण सांगावं.

आणि गाळ सगळं सांगतो असंही नाही. बर्फ पुढे सरकतो तेव्हा आधीची नोंद खरवडून टाकतो, त्यामुळे उथळ सागरमंचावर बहुधा शेवटच्या माघारीचीच गोष्ट उरते. त्याआधीची हवी तर खोल खणावं लागतं किंवा दूरच्या खोल समुद्रात जावं लागतं. अंटार्क्टिक पाण्यातला कार्बन इतका जुना आहे, की आज जिवंत असलेल्या जिवांचं कार्बन-१४ वयही हजार-बाराशे वर्षं भरतं. ते वजा करताना चूक झाली की सगळं वेळापत्रक घसरतं. थरात खडे वाढले म्हणजे हिमनग वाढले, असंही दर वेळी नसतं. पाणी थंड झाल्यामुळे हिमनग लांबवर टिकले आणि खडे तिथपर्यंत पोचले, असंही असू शकतं. काही हिमनद्या तर हवामानाशी संबंध न ठेवता आतल्या कारणाने एकाएकी पुढे धावतात. एका कोअरवरून निकाल देणारा शास्त्रज्ञ भेटला तर सावध राहावं. एकाच हिमनदीसमोर दहा ठिकाणी, अनेक वर्षं, अनेक प्रकारचे कोअर घ्यावे लागतात. म्हणूनच हे जहाजाचं काम आहे, आणि जहाज म्हणजे पैसा.

तो पैसा जगात आटत चालला आहे. 'जॉइडीस रेझोल्यूशन' हे खोल समुद्रात खणणारं अमेरिकेचं जहाज १९८५ पासून चालत होतं. रॉस समुद्र, अमुंडसेन समुद्र, विल्क्स लँड, ग्रीनलंडचा वायव्य किनारा, बर्फाच्या इतिहासाची किती तरी पानं त्याने उघडली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पैसे थांबवायचं ठरवलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांजवळच्या फ्राम सामुद्रधुनीत त्याची शेवटची मोहीम झाली. वर्षाचा खर्च होता ७ कोटी डॉलरच्या आसपास. थ्वेट्ससमोर गाळ काढणारं 'नॅथॅनियल पामर' हे बर्फफोडं जहाजही सोडून द्यायचा प्रस्ताव २०२५ मध्ये आला. युरोप आणि जपान मिळून काही चालवत आहेत, चीनने २०२४ मध्ये 'मेंग श्यांग' हे प्रचंड खणणारं जहाज कामाला लावलं. आपण कुठे आहोत?

तसं पाहिलं तर आपली सुरुवात झकास होती. ६ डिसेंबर १९८१ ला सैयद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली. जहाज होतं भाड्याचं, नॉर्वेचं 'पोलर सर्कल'. आज चाळीस वर्षांनंतरही अंटार्क्टिकाला आपण भाड्याच्याच जहाजाने जातो. दरम्यान 'दक्षिण गंगोत्री', 'मैत्री', २०१२ मध्ये 'भारती' असे तळ झाले, २००८ मध्ये स्वालबार्डला 'हिमाद्री' झालं, वास्कोला हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र उभं राहिलं. २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सुमारे १०५० कोटी मंजूर केले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. जहाज आलं नाही. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीशी आराखड्याचा सामंजस्य करार केला. अकरा वर्षांनी आपण आराखड्याच्या कराराला पोचलो.

भाड्याच्या जहाजाने काय बिघडतं? मालवाहू जहाज तळाला डिझेल, अन्न, माणसं पोचवायला निघतं. उन्हाळा लहान, बर्फ मोकळा असण्याचे दिवस मोजके. तळाची रसद आधी, गाळ नंतर, हे ओघानेच येतं. त्या डेकवर पाण्यात तीन-चार हजार मीटर खाली सोडायचा जड कोअरर, म्हणजे कोअर काढायचं यंत्र, हाताळायची सोय असेल तर नशीब. आणि नेमका आपला 'भारती' तळ लार्समन टेकड्यांत, प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे. तिथेच लँबर्ट हिमनदी आणि अ‍ॅमरी आइस शेल्फ समुद्राला मिळतात. पूर्व अंटार्क्टिकाच्या बर्फाचा केवढा तरी मोठा वाटा या एका वाटेने बाहेर पडतो. १९८७-८८ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये परदेशी जहाजाने या उपसागरात खोल खणलं, आणि पूर्व अंटार्क्टिकाचा बर्फ साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास समुद्रापर्यंत आल्याचा पुरावा तिथे मिळाला. आपण त्या दारात तळ ठोकून बसलो आहोत आणि दाराखालचा गाळ काढायला आपल्याकडे बोट नाही.

यावर मला दोन-तीन उत्तरं हमखास ऐकू येतात. पहिलं: आपला बर्फ हिमालयात, पैसा तिथे घाला. घालायलाच हवा, त्यात वादच नाही. पण हिमालयाच्या हिमनद्यांचा संबंध गंगेच्या पाण्याशी, मुंबईच्या समुद्राची उंची त्यांच्याने फारशी हलत नाही. एका प्रश्नाच्या पैशाने दुसरा सुटत नाही. दुसरं उत्तर जास्त चतुर आहे: आकडे तर प्रसिद्ध होतातच, इतरांनी काढावेत, आपण फुकट वाचावेत. आजवर हेच चाललं. पण आपल्याला कोणता प्रश्न विचारायचा आहे हे दुसरा ठरवत नाही. अमेरिकेने जहाज पाठवलं ते अमुंडसेन समुद्रात, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. प्रिड्झ उपसागरात दर दोन-चार वर्षांनी जाऊन कोअर घेण्याची घाई आपल्याखेरीज कुणाला असणार?

आपल्याला ती का असावी, त्याला भौतिकशास्त्राचं कारण आहे. हिमचादरीचं वजन इतकं, की तिच्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचं पाणी तिच्याकडे ओढलेलं असतं. ती बारीक होऊ लागली की ओढ सैल होते आणि ते पाणी दूर जातं. त्यामुळे अंटार्क्टिकाजवळ समुद्र उलट उतरतो आणि दूर उत्तरेला सरासरीहून जास्त चढतो. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ कमी झाला तर जास्तीचा फटका उत्तर अमेरिकेचे किनारे आणि हिंदी महासागर यांना बसतो. अपोलो बंदरावर समुद्राची पातळी १८७८ पासून मोजली जाते. मुंबईकडे जगातल्या जुन्या नोंदींपैकी एक आहे. ती नोंद गेल्या दीडशे वर्षांत काय झालं ते सांगते. पुढच्या शंभर वर्षांचं उत्तर त्या बंदरात मिळणार नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या २०२१ च्या अहवालाने जास्त उत्सर्जनाच्या वाटेवर २१०० पर्यंत ०.६३ ते १.०१ मीटर वाढ दिली आणि हिमचादरींबद्दलच्या अनिश्चिततेमुळे २ मीटरच्या आसपासची शक्यताही नाकारता येत नाही असं लिहिलं. एक मीटर की दोन, हा फरक आपल्या हिशेबाने किती मोठा आहे बघा. मुंबईच्या कोस्टल रोडवर १२ हजार कोटींहून जास्त खर्च झाला. भिंती, पंपिंग स्टेशनं, भुयारी मेट्रोची तोंडं, बंदरांचे धक्के, सगळ्यांची उंची कुणीतरी टेबलावर बसून एक आकडा धरून ठरवतो. त्या आकड्याचा सर्वांत कच्चा भाग बर्फ आहे. आणि बर्फाची मॉडेलं तपासून घ्यायची तर भूतकाळाशीच ताडावी लागतात. रॉस समुद्राच्या काठावर 'अँड्रिल' प्रकल्पाने २००६-०७ मध्ये आइस शेल्फमधून भोक पाडून १२८५ मीटर लांब कोअर काढला. आजच्याइतका कार्बन डायऑक्साइड हवेत होता त्या काळात, तीस ते पन्नास लाख वर्षांपूर्वी, पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ साधारण ४० हजार वर्षांच्या तालात पुन्हा पुन्हा कोसळत होता, हे त्यातल्या टिल आणि डायटमच्या आलटून-पालटून येणाऱ्या थरांनी दाखवलं. आजची मॉडेलं त्याच्याशी जुळतात का, हीच त्यांची परीक्षा.

तिसरं उत्तर देतात ते साध्या माणसांचे प्रतिनिधी: दवाखान्यांना पैसे नाहीत आणि तुम्ही समुद्राचा चिखल काढायला निघालात. या वाक्याचा मला राग येत नाही, ते प्रामाणिक आहे. पण मग ते सगळीकडे लावा. 'मैत्री' तळाच्या जागी नवा तळ बांधायचं ठरलं आहे, खोल समुद्रातली खनिजं शोधण्यासह इतर कामांसाठी २०२१ मध्ये ४०७७ कोटींचं डीप ओशन मिशन मंजूर झालं. खनिजांच्या गाठी वर काढायला पैसा निघतो आणि त्याच तळाचा इतिहास वाचायला निघत नाही, ही गरिबी नाही, निवड आहे. ती बदलता येते.

नव्या जहाजाबद्दल माझी भीती वेगळी आहे. ते होईलही, उद्घाटनाच्या दिवशी झेंडे लागतील, आणि मग ते तळांना डिझेल पोचवणारी स्वदेशी बोट होऊन बसेल. तसं होऊ नये म्हणून काही गोष्टी आत्ताच लिहून घ्यायला हव्यात. दरवर्षी किती दिवस फक्त संशोधनाचे, रसदीचे नव्हेत, ते आधी ठरवा. प्रिड्झ उपसागरासाठी एक लांब मुदतीची कोअर मोहीम आखा, आणि स्वालबार्डला आहे तीही संधी वापरा. हिमाद्रीसमोरच्या काँग्सफ्योर्डमध्ये क्रोनेब्रीन हिमनदीचं तांबूस पाणी उन्हाळ्यात उघड्या डोळ्यांनी दिसतं. तिथे हिमनदीच्या तोंडाशी गाळ वर्षाला सेंटिमीटरांत साचतो. म्हणजे हिमनदीची हालचाल डोळ्यांसमोर आणि तिचा गाळ हाताशी. गाळाची भाषा पक्की करायला याहून चांगली शाळा कुठली? शिवाय तिथली शेजारची काँग्सवेगेन हिमनदी १९४८ च्या सुमारास हवामानाचं कारण नसताना अचानक पुढे धावली होती, तेव्हा फसगत कशी होते तेही तिथेच शिकता येतं.

आणि कोअर ठेवायची जागा. २०१५ मध्ये आपल्याच अरबी समुद्रात, लक्ष्मी खोऱ्यात, भारतीय शास्त्रज्ञाच्या सहनेतृत्वाखाली 'जॉइडीस'ने खणलं. ते कोअर आज कोचीला आहेत. केरळातल्या नव्हे, जपानमधल्या कोचीला. हे कुणी लपवून नेलं नाही, आंतरराष्ट्रीय वाटणीच तशी आहे आणि जपान ते उत्तम सांभाळतो. पण चार अंश तापमानाच्या कोठारात, नीट यादीसह, जगातल्या कुणालाही नमुना मागता येईल अशी जागा गोव्यात असली तर पुण्याच्या, पणजीच्या, कोल्हापूरच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला एमएस्सीच्या प्रबंधासाठी खरा ध्रुवीय गाळ हाताळायला मिळेल. खडे ओळखणारी, डायटम ओळखणारी माणसं जहाजापेक्षा हळू तयार होतात. एका चांगल्या डायटम-तज्ज्ञाला घडायला जवळजवळ तेवढीच वर्षं लागतात जेवढी आपण जहाजाच्या फायलीवर घालवली.

राहिली मागच्या डेकची गोष्ट. लांब पिस्टन कोअरर सोडायचा तर डेकला सरळ, मोकळी लांबी लागते, जड वजन पेलणारी फ्रेम लागते, हजारो मीटर दोर गुंडाळणारी विंच लागते, आणि आत गाळ चिरून लगेच थंडीत ठेवायची खोली लागते. हे सगळं आराखड्यात पहिल्या दिवशी असावं लागतं. पोलाद कापून झाल्यावर शास्त्रज्ञांची समिती गोदीत जाऊन वीस मीटरची जागा मागू लागली, तर गोदीवाले जे उत्तर देतील ते त्यांच्या दृष्टीने अगदी बरोबर असेल.